चित्रं सुचतात कुठून, आणि शाळेत जाऊन मुलांसमोर ती काढायची कशी

मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायला लागलं की दोन प्रश्न पाठ सोडत नाहीत. एक मुलं विचारतात, "हे तुम्हाला सुचलं कसं?" आणि दुसरा आपला आपल्यालाच पडतो, शाळेतून बोलावणं आल्यावर, की तिथे जाऊन तासभर नेमकं करायचं काय. नवीन चित्रकारांपैकी बरेच जण हे दोन वेगळे विषय धरतात, म्हणजे सुचणं हे टेबलापाशी एकट्याने बसून करायचं काम आणि शाळाभेट म्हणजे पुस्तकाची जाहिरात. मला इतक्या वर्षांत जे कळलंय ते असं की हे एकच काम आहे. जे तुमच्या स्केचबुकात आहे तेच शाळेत न्यायचं असतं आणि शाळेत जे दिसतं ते परत स्केचबुकात येऊन बसतं. म्हणून दोन्हीबद्दल एकत्रच लिहितेय. ज्यांना उद्याच शाळेत जायचंय त्यांनी शाळेच्या भागापासून वाचलं तरी चालेल, पण मग परत आल्यावर वरचा भाग नक्की वाचा.

आधी स्केचबुक

खिशात मावेल असं छोटं स्केचबुक घ्या, ए-६ साइजचं पुरतं. भारीतलं घेऊ नका, कारण भारी कागदावर हात बिचकतो. सोबत पेन ठेवा, पेन्सिल-खोडरबर नको, कारण खोडायची सोय असली की माणूस खोडतच बसतो आणि तोवर समोरचं मूल उठून पळालेलं असतं. मुलं एका जागी दोन मिनिटंसुद्धा बसत नाहीत, त्यामुळे पूर्ण चित्र काढायचा हट्ट सोडून द्या. पाठीचा बाक पकडा, मान कुठे वळलीय ते पकडा, वजन कोणत्या पायावर आहे ते बघा, एवढंच. चेहरा राहिला तर राहू दे.

मी हे इतकं ठासून सांगतेय कारण मुलांच्या पुस्तकातली चित्रं फसतात ती बहुतेक वेळा इथेच. चित्रकार डोक्यातून मूल काढतो आणि ते छोट्या आकाराचा मोठा माणूस दिसतं. मोठ्या माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट असते, एक वर्षाच्या बाळाची चार पट, आणि पाच-सहा वर्षांच्या मुलाची पाच-साडेपाच पट. हे आकडे पाठ असले तरी पुरत नाही, कारण खरं मूलपण हे शरीराच्या वागण्यात असतं. लहान मूल जमिनीवरचं काही बघायला कमरेतून वाकत नाही, सरळ उकिडवं बसतं, टाचा टेकवून. जड वस्तू उचलली की पोट पुढे काढून चालतं. गोष्ट ऐकताना एका पायाने दुसरा पाय घासत राहतं. हे कुठल्याही ड्रॉइंगच्या पुस्तकात बघून येत नाही, बागेत, रांगेत, बसमध्ये बघून येतं.

चित्राशेजारी कानावर पडलेलं वाक्य पण लिहा. "माझी सावली माझ्या आधी का पोचली?" असं एखादं वाक्य कधी कधी चित्रापेक्षा जास्त दिवस टिकतं. तारीख टाका. अनोळखी मुलांचे फोटो काढू नका, नुसतं बघून चितारा, आणि कोणाच्या आईबाबांनी विचारलं की काय काढताय तर पान पुढे करून सरळ दाखवा. बहुतेकांना बरंच वाटतं, आणि कोणाला नाही आवडलं तर ते पान तिथेच थांबवायचं.

सुचण्याच्या चार वाटा

सुचणं म्हणजे वीज चमकल्यासारखं काहीतरी, असा समज असतो आणि त्या समजापायी लोक वाट बघत बसतात. मला ज्या वाटा खरंच उपयोगी पडल्या त्या सांगते, आणि ज्या मोठ्या चित्रकारांच्या कामात त्या दिसतात ते पण सांगते.

पहिली वाट म्हणजे कात्रणांचा डबा. कुठलंही चित्र, फोटो, तिकिटाचा तुकडा, पान, जे बघून थांबावंसं वाटलं ते डब्यात टाकायचं, का थांबलो याचं कारण शोधत बसायचं नाही. एझ्रा जॅक कीट्स यांनी १९४० मध्ये लाइफ मासिकातून एका छोट्या मुलाच्या फोटोंची पट्टी कापून ठेवली होती, त्याचे हावभाव आवडले म्हणून. ती त्यांनी भिंतीवर लावली, काढली, परत लावली, आणि तब्बल २२ वर्षांनी, १९६२ मध्ये, तोच मुलगा त्यांच्या बर्फातल्या दिवसाच्या पुस्तकाचा नायक झाला. पुढच्या वर्षी त्या पुस्तकाला कॅल्डेकॉट पदक, म्हणजे अमेरिकेतलं चित्रपुस्तकांचं मोठं बक्षीस, मिळालं. म्हणजे डब्यात टाकलेली गोष्ट लगेच कामाला आली पाहिजे असं काही नाही. फक्त वर्षातून दोनदा डबा पालथा करून सगळं जमिनीवर पसरून बघायचं, कारण दोन असंबद्ध कात्रणं शेजारी पडली की कधी कधी त्यांचं आपसात काहीतरी सुरू होतं.

दुसरी वाट म्हणजे हातातल्या साहित्याशी नुसतं खेळणं. एरिक कार्ल एकदा पंचिंग मशीनने कागदाच्या गठ्ठ्याला भोकं पाडत बसले होते, त्या भोकांकडे बघून त्यांना पुस्तक पोखरणारा किडा आठवला. संपादिकेला किडा फारसा रुचला नाही, बोलता बोलता सुरवंट निघाला, सुरवंट आला तसं फुलपाखरू पण आलं, आणि १९६९ मध्ये भोकं असलेलं ते पुस्तक निघालं जे आज जगभर मुलांच्या हातात आहे. इथे गोष्ट आधी आणि चित्र नंतर असं झालंच नाही, भोक आधी आलं. म्हणून आठवड्यातून एक तास असा ठेवा की ज्यात काहीही बनवायचं नाही, नुसते डाग पाडायचे, कागद फाडायचे, जुन्या ब्रशने घासायचं, बटाट्याचे ठसे, काहीही. जे आवडेल ते वाळवून डब्यात.

तिसरी वाट मला सगळ्यात जवळची आहे: एका मुलासाठी काढणं. "मुलांसाठी" म्हटलं की डोळ्यासमोर कोणीच येत नाही, पण एक नाव घेतलं की लगेच कळतं तो कुठे हसेल आणि कुठे कंटाळेल. बीट्रिक्स पॉटर यांची सशाची गोष्ट मुळात ४ सप्टेंबर १८९३ ला एका आजारी पाच वर्षांच्या मुलाला लिहिलेलं सचित्र पत्र होतं. काही वर्षांनी त्यांनी ते पत्र त्याच्याकडून परत मागून घेतलं, पुस्तक केलं, प्रकाशकांनी नाकारल्यावर डिसेंबर १९०१ मध्ये स्वतःच्या खर्चाने २५० प्रती छापल्या आणि १९०२ मध्ये ते प्रकाशकाकडून बाजारात आलं. तुम्ही पण हेच करून बघा, ओळखीच्या एका मुलाला चार चित्रांचं पत्र पाठवा, पोस्टाने. पाठवायच्या आधी त्याची झेरॉक्स किंवा स्कॅन ठेवा, कारण पॉटर यांना पत्र परत मिळालं, सगळ्यांनाच मिळतं असं नाही.

चौथी वाट, लहानपणच्या घराचा नकाशा. वरून दिसतो तसा प्लॅन काढा, दारं, खिडक्या, जिना, आणि मग जिथे जिथे काही घडलं होतं तिथे फुली मारा. कपाटामागची जागा, पावसात गळणारा कोपरा, जिथून पडलात ती पायरी. वीस मिनिटांत दहा-बारा फुल्या होतात आणि एकेक फुली म्हणजे एकेक पुस्तकाचं बी असू शकतं. नकाशा काढताना नजर मुलाच्या उंचीवर आणा, टेबलाची खालची बाजू आठवतेय का ते बघा. मला आठवली तेव्हा माझ्या चित्रांचा कॅमेराच खाली आला.

दुसऱ्याच्या कामावरून सुचणं आणि दुसऱ्याचं काम उचलणं यातला फरक पण इथेच बोलून टाकते. एकाच चित्रकाराचं पुस्तक समोर ठेवून काढाल तर त्याचीच सावली पडणार. पाच जणांचं बघा, मग सगळी मिटून ठेवा आणि प्रत्यक्ष वस्तूकडे जा. आवडत्या चित्रकाराचा कावळा बघून कावळा काढू नका, कावळा बघून काढा. स्क्रीनवरचे फोटो शोधून त्यातला एक गिरवणं हे तर टाळाच, कारण त्या फोटोवर कोणाचा तरी हक्क असतो आणि तो गिरवलेला कावळा कळतो हो, मुलांना पण कळतो.

चित्रापासून पुस्तकापर्यंत

हा भाग थोडक्यात आटोपते कारण यावर वेगळं लिहायला हवं, पण शाळेत हेच दाखवायचं असल्यामुळे टाळता पण येत नाही. चित्रपुस्तक बहुतेक वेळा ३२ पानांचं असतं, कारण मोठा कागद छापून घड्या घातल्या की पानं आठ-सोळाच्या पटीत पडतात. त्यातली पहिली काही पानं नाव वगैरेला जातात, गोष्टीला साधारण १२ ते १४ जोडपानं (समोरासमोरची दोन पानं मिळून एक) उरतात. आठ ए-४ कागद मधोमध दुमडून एकात एक घातले की ३२ पानांची डमी, म्हणजे पुस्तकाचा हाताने केलेला कच्चा नमुना, तयार. त्याआधी एका कागदावर काडेपेटीएवढ्या चौकटी करून सगळी गोष्ट बारीक थंबनेलमध्ये काढा, त्यात तपशील मावतच नाही आणि तेच बरं, फक्त काळं-पांढरं आणि मोठं-लहान दिसतं.

डमीत एकच गोष्ट तपासा, पान उलटावंसं वाटतं का? डावीकडून उजवीकडे वाचायच्या पुस्तकात प्रश्न उजव्या पानावर आणि उत्तर पान उलटल्यावर. दारामागे कोण आहे हे त्याच पानावर दाखवलं तर मुलाला उलटायचं कारणच उरत नाही. ही डमी मुलाला वाचून दाखवताना त्याचा हात तुमच्या आधी पानाच्या कोपऱ्याकडे गेला तर समजा जमलं.

आता शाळा: होकार देण्याआधी

फोनवर बोला जरूर, पण ठरलेलं सगळं लिहून पाठवा. हे मी एका कटू अनुभवानंतर शिकले. मला सांगितलं होतं चाळीस मुलं, वर्गात. पोचले तर हॉलमध्ये तीनशे मुलं जमिनीवर बसलेली, माइक मधेच बंद पडतोय, आणि माझ्याकडे चाळीस कागद. मागच्या मुलांना माझं चित्र दिसत नव्हतं, पुढच्यांना कागद मिळाले आणि बाकीच्यांना नाही, एक मुलगी शेवटी येऊन म्हणाली मला पण काढायचं होतं. ते वाक्य अजून आठवतं. शाळेने मुद्दाम केलं नव्हतं, त्यांना वाटलं जास्त मुलांना लाभ मिळेल. चूक माझी, मी लिहून दिलं नव्हतं.

तेव्हापासून मी एक पानाचं पत्र आधीच पाठवते. त्यात पहिली ओळ मुलांच्या संख्येची: हाताने काम करायचं असेल तर एका वेळी एक वर्ग, फार तर तीस मुलं, आणि नुसतं दाखवायचं-सांगायचं असेल तर शंभरपर्यंत. मग वयोगट. चार ते सहा वर्षांच्या मुलांसोबत पंचवीस-तीस मिनिटं खूप झाली, सात-आठ वर्षांची चाळीस मिनिटं रमतात, त्यापुढची तासभर. एका दिवसात तीनच सत्रं, चौथ्याला आवाज आणि हात दोन्ही थकलेले असतात आणि शेवटच्या वर्गाला उरलासुरला माणूस मिळतो, ते त्या मुलांवर अन्याय करणारं आहे.

पुढे मी विचारते की खोलीत टेबलं आहेत की मुलं जमिनीवर बसणार, पडदा आणि प्रोजेक्टर आहे का, खिडकीतून ऊन थेट पडद्यावर येतं का, भिंतीवर मोठा कागद चिकटवता येईल का. कोणाला ऐकायला, दिसायला, चालायला अडचण आहे का, मोठ्या आवाजाचा कोणाला त्रास होतो का, कोणी जास्त वेळ बसू शकत नाही का, हे पण विचारते, कारण आधी कळलं तर त्या मुलाला पुढची जागा, जाड पेन, मोकळा कोपरा असं काहीतरी सहज करता येतं आणि ऐनवेळी कळलं तर तेच मूल बाजूला पडतं.

तीन गोष्टी मात्र मी अट म्हणूनच लिहिते. पूर्ण वेळ शिक्षक वर्गात हवेत, मला कोणत्याही मुलासोबत एकटीला सोडायचं नाही. मुलांचे फोटो शाळेच्या परवानगीशिवाय काढायचे नाहीत, मी पण नाही आणि काढले तरी चेहरे न दिसता, हात आणि चित्रं. आणि मी येण्याआधी माझं एखादं पुस्तक मुलांना वाचून दाखवलेलं असावं. या तिसऱ्या अटीने जितका फरक पडतो तितका माझ्या कुठल्याही तयारीने पडत नाही. पुस्तक ऐकलेली मुलं पहिल्या मिनिटाला विचारतात की त्या मांजरीचं शेपूट सहाव्या पानावर का दिसत नाही, न ऐकलेली मुलं विचारतात तुम्ही कोण.

मानधनाचं पण त्याच पत्रात स्पष्ट लिहा. प्रवास कोण देणार, सत्र रद्द झालं तर काय, पुस्तकं विकायला ठेवायची का. पुस्तकं ठेवली तर ऑर्डर आधीच घरी पाठवून घ्या, वर्गात विक्री नको, कारण ज्याच्या हातात पुस्तक नाही त्याचा चेहरा बघवत नाही. प्रत्येक मुलाला काहीतरी मिळेल अशी सोय करा, सही केलेला बुकमार्क झेरॉक्स करून कापला तरी पुरे. फुकट जायचं की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय आहे, मी काही ठिकाणी जाते, पण तो माझा निर्णय असतो, न बोलल्यामुळे झालेला गैरसमज नसतो.

बॅगेत काय

जाड मार्कर, चपट्या टोकाचे, काळे दोन आणि एका रंगाचा एक. बारीक पेनने काढलेलं तिसऱ्या रांगेपलीकडे दिसत नाही. मोठे कागद, चिकटपट्टी, कात्री, मुलांसाठी ए-४ कागद संख्येपेक्षा दहा जास्त. प्रोजेक्टर असला तरी सगळं कागदावर पण न्या, केबल कधी जुळेल कधी नाही. आणि मुख्य म्हणजे खरी स्केचबुकं न्या, स्कॅन नको, ती डाग पडलेली वही मुलांच्या हातात फिरू दे. अगदी मौल्यवान असेल ती ठेवा घरी, पण एक तरी फिरू दे. फसलेल्या चित्रांचा गठ्ठा न्या. माझ्या एका पुस्तकाच्या मुखपृष्ठाचे सतरा कच्चे प्रयत्न मी दोरीला लावून नेते, वर्गाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते पसरतात आणि मुलं एकदम गप्प होतात. त्या वेळी काही बोलायची गरज पडत नाही.

तासाभराचं सत्र

पहिल्या पाच मिनिटांत स्वतःची माहिती सांगत बसू नका. आत जा, नमस्कार करा, आणि काढायला लागा. मी एक मोठी वेडीवाकडी रेघ मारते आणि विचारते हे काय आहे. कोणी म्हणतं डोंगर, कोणी म्हणतं साप, मग एका डोळ्याचा ठिपका देते आणि ती रेघ कोणीतरी होते. दुसऱ्या मुलाच्या सांगण्यावरून कान, तिसऱ्याच्या सांगण्यावरून पाय किती. तीन मिनिटांत सगळ्या वर्गाचा मिळून एक प्राणी तयार होतो आणि तोवर मुलांना कळलेलं असतं की इथे आपलं ऐकलं जाणार आहे. उजव्या हाताने काढत असाल तर कागदाच्या डाव्या बाजूला उभे राहा, डावखुरे असाल तर उजव्या, नाहीतर मुलांना फक्त तुमची पाठ दिसते. काढताना बोलत राहा, "आता मी चुकीच्या जागी कान काढला, बघू याचं काय करता येतं," असं खरंखुरं जे चाललंय तेच.

पुढची दहा मिनिटं पुस्तक कसं झालं त्याची. कात्रण, पहिलं कच्चं स्केच, थंबनेल, डमी, दोरीवरचे प्रयत्न, छापलेलं पान. याच क्रमाने, हातात धरून. शेवटी छापलेलं पुस्तक दाखवा, आधी दाखवलं तर बाकीचं सगळं जुनाट वाटतं.

मग भुवयांचा खेळ. चार सारखे चेहरे काढा, फक्त गोल, दोन ठिपके डोळे, आणि भुवया नाहीत. मुलांना सांगा भावना सांगा, आणि प्रत्येक चेहऱ्यावर फक्त भुवया आणि तोंड बदला. भुवया नाकाकडे खाली उतरल्या की राग, आतल्या टोकाला वर चढल्या की काळजी, दोन्ही उंच गेल्या की आश्चर्य. मग सगळ्यांनी तोच चेहरा स्वतःचा करून शेजाऱ्याकडे बघायचं. हा खेळ सात वर्षांच्या मुलांपासून शिक्षकांपर्यंत सगळ्यांना चालतो आणि यातून मुलं जे शिकतात ते लगेच पुढच्या कामात वापरतात.

त्यानंतर निदान वीस मिनिटं मुलांच्या हाताची. माझी सगळ्यात खात्रीची गोष्ट म्हणजे एका कागदाचं आठ पानी पुस्तक. ए-४ कागद लांबीत अर्धा दुमडून उघडा, मग रुंदीत अर्धा, आणि परत त्याच दिशेने अर्धा, उघडल्यावर आठ चौकोन दिसले पाहिजेत. आता आखूड कडा एकमेकींवर आणून एकदाच दुमडा आणि दुमडलेल्या बाजूकडून मधल्या घडीवर कात्री चालवा, फक्त एक चौकोन संपेपर्यंत, पुढे नाही. उघडलं की कागदाच्या मधोमध फट दिसेल. कागद परत लांबीत दुमडा, दोन्ही टोकं धरून आत ढकला, मधली फट उघडून चौकट होते, ती मिटवून पानं एका बाजूला गुंडाळली की पुस्तक. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी हे घरून दुमडून-कापून न्या, मोठ्यांना करू द्या, अर्ध्यांचं पहिल्यांदा फसेल आणि ज्यांचं जमलं ते शेजाऱ्याला शिकवतील, तो गोंगाट चांगला असतो.

त्या पुस्तकात काय काढायचं हे अगदी मोकळं सोडू नका. "काहीही काढा" म्हटलं की मूल रिकाम्या कागदाकडे बघत बसतं. मी सांगते, मुखपृष्ठावर एक दार. आतल्या सहा पानांत त्या दारातून कोणीतरी बाहेर येतं, त्याला काहीतरी हवंय, मधे काहीतरी आडवं येतं. मागच्या पानावर दार बंद. एवढा सांगाडा पुरतो.

मुलं काढत असताना तुम्ही फिरा आणि इथे एक नियम पाळाच, मुलाच्या कागदावर आपला पेन लावायचा नाही. कितीही मागितलं तरी नाही. दाखवायचंच असेल तर वेगळ्या कागदावर. तुमची एक सफाईदार रेघ त्याच्या पानावर पडली की बाकीचं सगळं पान त्याला वाईट दिसायला लागतं.

चार वर्षांच्या मुलाने डोक्यालाच पाय काढले तर पोट कुठे विचारू नका, तीन-चार वर्षांची मुलं जगभर माणूस असाच काढतात. पाच-सहा वर्षांची मुलं कागदाच्या तळाशी जमीन आणि वरच्या कडेला आकाशाची पट्टी काढतात, मधे हवा. घराच्या भिंतीतून आतली माणसं दिसतात. हे चुकीचं नाही, त्यांना जे माहितीय ते सगळं एकाच कागदावर हवं असतं. मला स्वतःला पार्श्वभूमी कशी मांडायची हे कोड्यात पडल्यावर मी या पट्ट्यांकडे परत परत गेलेय.

अडचण येते ती नऊ-दहाच्या आसपास. या वयात मुलांना चित्र खऱ्यासारखं हवं असतं, हात तेवढा तयार नसतो, आणि मग "मला येत नाही" सुरू होतं. त्यावर "छान आहे की" म्हणू नका, त्याला माहितीय ते त्याला हवं तसं नाहीये, तुमचं कौतुक त्याला खोटं वाटतं. मी शेजारी बसते आणि विचारते, "यात तुला नक्की काय बरोबर वाटत नाहीये?" बहुतेक वेळा उत्तर अगदी नेमकं येतं, हात आखूड झालाय, किंवा कुत्रा घोड्यासारखा दिसतोय. मग ते सोडवता येतं: तुझा स्वतःचा हात खाली सोड, बघ बोटं कुठे पोचतात. मांडीच्या मधोमध ना? मग तिथपर्यंत काढ. ज्यांच्या चित्रात डोळे नेहमी कपाळात चढतात, त्यांना सांगा आरशात बोटं लावून मोजा, डोळे डोक्याच्या बरोबर मधे असतात, अर्धं डोकं डोळ्यांच्या वर. हे मोजून बघितल्यावर मुलं अक्षरशः चमकतात. कधी कधी एवढ्यानेही गाडी हलत नाही, तेव्हा डोळे मिटून काढायला सांगते किंवा डाव्या हाताने, म्हणजे बरोबर यायचं ओझंच जातं.

शेवटची दहा मिनिटं प्रश्नांची. हात वर करणाऱ्यांनाच प्रत्येक वेळी संधी मिळते, म्हणून मी आधी चिठ्ठ्या वाटून ठेवते आणि त्यातून काढते, लाजरी मुलं सगळ्यात चांगले प्रश्न लिहितात. किती दिवस लागतात हे हमखास येतं, खरं उत्तर द्या, माझ्या एका पुस्तकाच्या चित्रांना आठ-नऊ महिने जातात. पैसे किती मिळतात हे पण विचारतात, आकडा नाही सांगितला तरी चालेल पण हे कसं चालतं ते सांगा, की आधी काही रक्कम मिळते आणि मग विकलेल्या प्रत्येक प्रतीतला छोटा वाटा. मुलांना काम म्हणून हे काय आहे ते कळायला हवं. "तुमचं कोणतं चित्र तुम्हाला आवडत नाही?" असं एकदा एका मुलीने विचारलं, मी पुस्तक उघडून ते पान दाखवलं आणि का ते सांगितलं, मग पूर्ण वर्गाने मिळून ते पान कसं सुधारता येईल यावर दहा मिनिटं चर्चा केली. त्यातल्या दोन सूचना खरंच बरोबर होत्या.

परत आल्यावर

त्याच संध्याकाळी स्केचबुक उघडा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका. वाचून दाखवताना मुलं कुठल्या पानावर हलायला लागली, कुठे हसली, कुठे पुढे सरकून बसली, हे लिहा. छापलेल्या पुस्तकाचं आता काही करता येत नाही, पण नवीन डमी सोबत नेली असेल तर ही टिपणं सोन्यासारखी असतात. माझी एक डमी वाचून दाखवताना सलग तीन वर्गांनी नवव्या जोडपानावर खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली, मी ते पान काढूनच टाकलं आणि गोष्ट सुटसुटीत झाली.

उभं राहणं, बसणं, शेजाऱ्याच्या वहीत डोकावणं, पेनचं टोपण दातात धरणं, हे सगळं आठवणीतून काढा, वीस छोटी चित्रं. चेहरा ओळखू येईल असं काढू नका, पोझ काढा.

एका गोष्टीची काळजी घ्या. वर्गात मुलांनी सांगितलेल्या कल्पना फार सुंदर असतात आणि चार महिन्यांनी त्या आपल्याच वाटायला लागतात. म्हणून मी टिपणाशेजारी "वर्गातून" असं लिहून ठेवते. मुलाच्या बसण्याची ढब, बोलण्याचा सूर यातून सुचणं वेगळं, पण त्याने रचलेला प्राणी, त्याची गोष्ट, ती त्याची आहे. एखादी कल्पना वापराविशी वाटलीच तर शाळेमार्फत पालकांना विचारा, आणि हो म्हणाले तर पुस्तकात तसं छापा.

नंतर शाळेकडून पत्रांचा आणि चित्रांचा गठ्ठा येतो. प्रत्येकाला वेगळं उत्तर देणं जमत नाही, पण एकालाच दिलं तर बाकीचे हिरमुसतात. मी एक मोठा कागद घेते, प्रत्येक पत्रातला एकेक तपशील निवडून, कोणाचा पाच पायांचा कुत्रा, कोणाचं उलटं घर, ते सगळे एकाच चित्रात बसवते, आणि तो कागद शाळेच्या पत्त्यावर पाठवते, भिंतीवर लावायला. तीस मुलांच्या गठ्ठ्याला एक पूर्ण दिवस जातो. मुलं आधी त्यात स्वतःचा कुत्रा शोधतात, मग शेजाऱ्याचं घर.